गाळातले लोखंडही मोजा: भारतीय खाण ब्युरोच्या महानियंत्रकांना खुले पत्र

प्रति,
मा. महानियंत्रक,
भारतीय खाण ब्युरो,
इंदिरा भवन, सिव्हिल लाइन्स, नागपूर

विषय: समुद्रतळावरील खनिज गटांच्या सर्वेक्षणात, गाळात बिळे करणारे प्राणी लोखंड कसे फिरवतात याचीही मोजणी व्हावी.

महोदय,

सविनय नमस्कार.

समुद्राविषयीचे पत्र नागपूरच्या पत्त्यावर कशाला, असे कुणी विचारण्याआधीच सांगतो. किनाऱ्यापलीकडच्या खनिजांबाबतचा 2002 चा कायदा प्रत्यक्ष अमलात आला 2010 मध्ये, आणि त्याच वर्षी प्रशासकीय प्राधिकारी म्हणून त्याचे काम आपल्या पदाकडे आले. 2023 च्या दुरुस्तीने लिलाव सक्तीचा झाला, उत्पादनाचा भाडेपट्टा 50 वर्षांचा झाला. 28 नोव्हेंबर 2024 रोजी खाण मंत्रालयाने पहिले 13 गट, म्हणजे खणण्यासाठी आखलेले समुद्रतळाचे तुकडे, लिलावात काढले. केरळजवळ बांधकामाच्या वाळूचे 3, गुजरातजवळ चुन्याच्या गाळाचे 3 आणि ग्रेट निकोबारजवळ बहुधातू गोटे व खडकांवरच्या धातूच्या कवचांचे 7. झिरो माईलपासून फारशा दूर नसलेल्या एका इमारतीशी अरबी समुद्राच्या तळाचा एवढा संबंध आहे, हे आपल्या शहरात फार कुणाला ठाऊक नाही. तो समुद्र इथून सातशे-आठशे किलोमीटरवर, त्यामुळे कुणी विचारायलाही जात नाही.

मी निवृत्त प्राध्यापक आहे, विषय प्राणिशास्त्र. खाणीच नकोत असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. रामटेकच्या रस्त्याला कांद्री-मनसरच्या मॅंगनीज खाणी बघत ज्याचे आयुष्य गेले, त्याला तसे म्हणायला तोंडही नाही. माझे म्हणणे त्याहून बरेच छोटे आहे. तळ खणण्याआधी तिथल्या प्राण्यांची नावे आणि दर चौरस मीटरची संख्या लिहून ठेवली की जीवसृष्टीचा भाग पुरा झाला असे समजू नये. ते प्राणी गाळातले लोखंड किती खोलवर आणि किती वेगाने फिरवतात, हेही त्याच वेळी मोजले पाहिजे. या फिरण्यात बिघाड झाला तर त्याचा परिणाम गटाच्या नकाशावर आखलेल्या रेषेपाशी थांबत नाही.

लोखंडाचे एवढे काय, हे थोडक्यात सांगतो. पृथ्वीच्या कवचात वजनाने पाचेक टक्के लोह आहे. खुल्या समुद्राच्या पाण्यात मात्र ते शोधावे लागते. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, फार तर काही दहा नॅनोग्रॅम. प्राणवायू असलेल्या खाऱ्या पाण्यात विरघळलेले फेरस लोह काही मिनिटांत फेरिक होते, गंजाचे कण होऊन तळाकडे निघते. इकडे वनस्पती-प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना, प्रकाशसंश्लेषणासाठी लोह लागतेच. दक्षिण महासागरासारख्या भागात नायट्रेट, फॉस्फेट मुबलक असूनही प्लवक का फोफावत नाहीत, तर लोह नाही म्हणून, हे अमेरिकेचे जॉन मार्टिन यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस ठासून मांडले. समुद्राला लोह पुरवणारे मार्ग मोजकेच. वाऱ्यावरची धूळ, नद्या, तळातले उष्ण झरे आणि उथळ समुद्राचा गाळ. यातला शेवटचा नेहमी शेवटीच आठवतो, आणि आपल्या कार्यालयाशी संबंध येतो तो नेमका त्याचाच.

आता गाळात उतरू. किनाऱ्याजवळच्या चिखलात प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच पोचतो. त्याखालच्या जिवाणूंना वरून पडलेले मेलेले प्लवक, विष्ठा, शेवाळ पचवायचे असते, पण प्राणवायू नसतो. मग ते आधी नायट्रेट वापरतात, नंतर मॅंगनीज आणि लोहाचे ऑक्साइड, आणि तेही संपले की सल्फेट. लोहाचा ऑक्साइड वापरला गेला की त्यातले लोह विरघळते आणि कणांच्या फटींतल्या पाण्यातून वर सरकू लागते. वर प्राणवायू भेटला की पुन्हा त्याचा गंज. सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तोच तो सडक्या अंड्यांचा वास. हा वायू लोहाला गाठून काळे सल्फाइड बनवतो आणि त्याचे सावकाश पायराइट हे लोह-गंधकाचे खनिज होते. पायराइट खोल गाडले गेले की ते लोह या फेऱ्यातून सुटले. कॅनफिल्ड, थाम्डरुप आणि हॅन्सन यांनी डेन्मार्कजवळच्या समुद्रतळावर केलेल्या अभ्यासात (1993) असे दिसले की गाडला जाण्यापूर्वी लोहाचा एक अणू ही खाली-वर फेरी 100 ते 300 वेळा मारतो. म्हणजे गाळात लोखंड किती टक्के आहे या आकड्याला इथे फारसा अर्थ नाही. ते किती वेळा कामाला लागते, यावर सगळे ठरते.

हे डोळ्यांनी बघायला समुद्र गाठायची गरज नाही. भंडारा-गोंदियाकडे रोवणी होऊन महिना झाला की बांधीतले धानाचे एखादे रोप मुळासकट उपटून पाहावे. भोवतालचा चिखल करडा-काळा असतो आणि मुळांवर तांबूस लेप. धान मुळांतून थोडा प्राणवायू बाहेर सोडते, त्यामुळे चिखलातले विरघळलेले लोह मुळाच्या अंगावरच गंजून बसते. त्या लेपाला फॉस्फेटही चिकटते. समुद्राच्या गाळातही गंजाचा थर फॉस्फेट असेच धरून ठेवतो आणि लोह सल्फाइडच्या हाती लागले की ते सोडून देतो.

समुद्रतळावर मुळांच्या जागी बिळे असतात. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने नेरीस या समुद्री किड्याची आकृती काढली आहे, त्याचे पॅरापोडिया, म्हणजे अंगाच्या दोन्ही कडांचे पायांसारखे अवयव, तोंडपाठ केले आहेत. जिवंत नेरीस दिवसभर करतो काय, हे आमच्या परीक्षेत कधी विचारले गेले नाही, आणि पुढे मी पेपर काढायला लागलो तेव्हाही तो प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरच होता. तो यू आकाराचे बीळ करतो, आत बसून अंग लाटेसारखे हलवतो आणि वरचे ताजे पाणी बिळातून ओढतो. थोडा वेळ ओढतो, थांबतो, परत ओढतो.

विद्यार्थ्यांना हे दिसावे म्हणून आम्ही एकदा दोन काचांमध्ये बोटभर फट ठेवून चपटी टाकी केली होती. कोकणातल्या एका खाडीचा चिखल, वर खारे पाणी, माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा पंप. चिखल बसला तशी वर पातळ तपकिरी पट्टी आली आणि खाली सगळे काळे. किडे सोडल्यावर काही दिवसांनी त्या काळ्या भागात बिळांच्या कडेने तांबूस-पिवळी किनार उमटू लागली, दोन-तीन मिलिमीटर जाडीची. काचेला डोळा लावला की किनारीच्या बाहेर आधी करडा रंग दिसे आणि मग काळा. एका किड्याने आपले बीळ सोडले. त्याची तांबूस किनार हळूहळू करडी पडली आणि शेवटी काळ्यात मिसळून गेली. शेजारच्या बिळात किडा होता, तिथली किनार तशीच राहिली. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, याच्या घराले त जंग चढला." याहून नेमके वर्णन मला आजवर कुठल्या शोधनिबंधात सापडलेले नाही.

या प्राण्यांची कामे दोन आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. पहिले ढवळण्याचे. किडे, शिंपले, खेकडे, हृदयाकृती समुद्री साळू हे कण खाली-वर करतात. वरचा गंज खाली जातो, तिथल्या जिवाणूंना नवा माल मिळतो. खालचे काळे सल्फाइड वर येते आणि पुन्हा गंजते. सर्वसाधारणपणे हा ढवळला जाणारा थर दहाएक सेंटिमीटरचा असतो. काही बिळकरी झिंगे मात्र मीटरभरापेक्षाही खोल जातात. दुसरे काम पाणी खेळवण्याचे. बिळातून फिरणारे पाणी प्राणवायू खाली नेते आणि परतताना फटींमधले विरघळलेले पदार्थ वर आणते. त्यातले काही लोह बिळाच्या भिंतीवरच गंजून अडकते, काही थेट समुद्राच्या पाण्यात निसटते.

खरी गोम इथेच आहे. ढवळण्याने गाळातला लोहाचा फेरा वाढतो. पाणी खेळवण्याने विरघळलेले लोह आणि सल्फाइड धुऊन जाते, म्हणून तोच फेरा मंदावू शकतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती प्रारूपात या दोन क्रियांचे लोह-गंधक चक्रावरचे परिणाम उलटसुलट दिशेचेच निघाले. त्यामुळे "प्राणी असले की समुद्राला लोह मिळते" हे पर्यावरणवाल्यांचे वाक्य मला पटत नाही, आणि "चार किडे गेले तर काय बिघडले" हे दुसऱ्या बाजूचेही पटत नाही. कोणत्या जागी कोणते प्राणी आहेत, ते कण जास्त हलवतात की पाणी, आणि वरच्या पाण्यात प्राणवायू किती, यावर उत्तर पालटते. ते खुर्चीत बसून काढता येत नाही, त्यासाठी तळात नळी रोवून ती गाळासकट वर काढावी लागते.

डार्विन यांनी 1881 मध्ये गांडुळांचे काम जगापुढे आणले, तेव्हापासून उकरणारा कुठलाही जीव दिसला की त्याला समुद्रातले गांडूळ म्हणून मोकळे व्हायची सवय पडली आहे. ही उपमा निम्मीच खरी आहे. काळ्या मातीच्या भेगांतून हवा आपोआप आत शिरते. समुद्राच्या चिखलात प्रत्येक श्वासाचे पाणी प्राण्याला स्वतः ओढावे लागते, आणि त्याने ओढणे थांबवले की भोवतालचे रसायन लगेच उलटायला लागते. टाकीतल्या सोडलेल्या बिळाचे झाले तेच.

आपल्या खात्याला खडकांची भाषा जवळची, म्हणून एक गोष्ट मुद्दाम आठवून देतो. मनसर-कांद्रीचे मॅंगनीज ज्या सौसर खडकांत आहे तो मुळात जुन्या समुद्राचा गाळ. गडचिरोलीतल्या सूरजागडचे लोहखनिजही पट्टेदार लोहखडकांतले, म्हणजे विरघळलेले लोह बाळगून असलेल्या, प्राणवायूला पारख्या अशा समुद्राची ठेव. हे दोन्ही साठे बसले तेव्हा तळ उकरणारा एकही प्राणी जगात नव्हता. तळात उभी बिळे करणारे प्राणी सुमारे 54 कोटी वर्षांपूर्वी आले. त्याआधीचा तळ जिवाणूंच्या चटयांनी झाकलेला असे आणि थरावर थर न विस्कटता बसत. आपण ज्याला नेहमीचा समुद्रतळ समजतो, तपकिरी, भोकाभोकांचा, आतून खेळता, तो या प्राण्यांनी घडवला आहे आणि रोज तेच तो तसा राखतात.

आता आपले गट. तिन्ही ठिकाणी लोहाची गोष्ट वेगळी आहे, म्हणून एकच ठरावीक तक्ता भरून चालणार नाही.

केरळची वाळू सच्छिद्र. तिच्यातून लाटा आणि प्रवाहच पाणी ढकलतात, त्यामुळे बिळांचे महत्त्व चिखलातल्याइतके नसेलही. पण पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्राची एक खोड आहे. पावसाळ्यात खालचे थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे चढते आणि पावसाळ्याच्या शेवटी तळाजवळ प्राणवायू फार उतरतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी हे 2000 मध्ये जगासमोर मांडले. प्राणवायू उतरला की गंजाचे झाकण पातळ होते, लोह पाण्यात निसटते आणि खोल बिळे करणारे प्राणीही टिकत नाहीत. म्हणजे फेब्रुवारीत काढलेली नळी आणि सप्टेंबरात काढलेली नळी एकाच जागेची असूनही वेगळे बोलणार. समुद्र शांत असतो म्हणून फक्त हिवाळ्यात जहाज न्यायचे, असे झाले तर निम्मे वर्ष कागदावर येणारच नाही.

गुजरातच्या चुन्याच्या गाळात अडचण उलटी. अशा गाळात मुळात लोह कमी असते, म्हणून सल्फाइडला पकडून ठेवायला फारसे काही नसते. तिथे आहे तेवढे थोडे लोह पुन्हापुन्हा वापरले जाणे जास्त मोलाचे. लोहाचे प्रमाण नगण्य, अशी एक ओळ अहवालात लिहून पुढे जाण्याचा मोह तिथेच जास्त होईल.

निकोबारच्या खोल पाण्यात सगळे संथ. अशा खोल समुद्रात प्राणवायू गाळात बराच आतपर्यंत शिरलेला असतो, प्राणी थोडे, आणि गोटे लाखो वर्षांत मिलिमीटरने वाढणारे. तिथे लोहाचा फेरा किनाऱ्यासारखा वेगवान नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण तिथे जखम भरायलाही तितकाच वेळ लागतो. पेरूजवळच्या खोल समुद्रात 1989 मध्ये प्रयोगासाठी तळ नांगरला होता. 26 वर्षांनी शास्त्रज्ञ परत गेले तेव्हा नांगराचे चरे तसेच दिसत होते.

उथळ पाण्यात खणल्यावर जे होते ते अहवाल वाचणाऱ्याला सहज फसवू शकते. उपशाने काळा गाळ पाण्यात उडतो, त्यातले सल्फाइड काही तासांत गंजू लागते आणि तेवढ्यापुरता तिथला प्राणवायू खाते. मग उघड्या पडलेल्या तळावर आधी येतात ते लहान, पृष्ठभागालगत राहणारे, भराभर पिलावणारे किडे. वर्षभराने कुणी डोकी मोजली तर संख्या पूर्ववत, कदाचित जास्तच भरेल. खोल बिळे करणारे मोठे, दीर्घायुषी प्राणी मागाहून येतात, कधीकधी फारच मागाहून. तोवर गंज खाली नेणारे कुणी नसते. "जीवसृष्टी पूर्ववत झाली" या वाक्यावर सही करण्याआधी किती खोलवर पूर्ववत झाली, असे आपण विचारावे ही माझी कळकळीची विनंती.

हे सगळे ऐकून एका परिचितांनी विचारले, लोह कमी पडले तर वरून टाकू की! तोही प्रयोग झालेला आहे, आणि भारताच्या सहभागाने. 2009 च्या सुरुवातीला गोव्याची संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी 'पोलारश्टर्न' जहाजावरून दक्षिण महासागरात सुमारे 300 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह सोडले. 'लोहाफेक्स' असे त्याचे नाव. प्लवक वाढले, पण फार नाही. बारीक प्राण्यांनी ते खाऊन टाकले आणि खोल समुद्राकडे अपेक्षेइतका कर्ब गेला नाही. पिंपाने लोह ओतणे आणि गाळातून ते थोडेथोडे वर्षभर येत राहणे, यांत फार अंतर आहे.

तेव्हा मागणी नेमकी काय, तेवढे लिहून थांबतो. वाळूची जाडी, चुन्याचा दर्जा, गोट्यांची घनता हे तपासायला नमुना-नळ्या तशाही उतरणार आहेत. खर्चाचा मोठा वाटा जहाजाचा, तो आधीच झालेला असतो. त्याच जहाजावरून, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, गटाच्या आत आणि कधीच खणले जाणार नाही अशा शेजारच्या एका पट्ट्यात, तळ न विस्कटता आणखी काही नळ्या काढाव्यात. सेंटिमीटर-सेंटिमीटरने त्यांचे काप करून प्रत्येक कापातले जिवाणूंना वापरता येईल असे लोह, फटींच्या पाण्यातले विरघळलेले लोह आणि सल्फाइड मोजावे. वरच्या थरातला प्राणवायू सूक्ष्म-इलेक्ट्रोडने मोजावा. ढवळण्याचा वेग काढायला निसर्गानेच घड्याळे ठेवली आहेत, वरून तळावर पडून ठरावीक वेगाने विरत जाणारी किरणोत्सारी द्रव्ये. थोरियम-234 चे अर्धायुष्य सुमारे 24 दिवस आणि शिसे-210 चे सुमारे 22 वर्षे, म्हणून एकाच नळीतून गेल्या काही महिन्यांचे ढवळणेही कळते आणि काही दशकांचेही. तळात पात्यासारखा शिरून गाळाचा उभा छेद टिपणारा कॅमेराही मिळतो. त्या छायाचित्रात तपकिरी थर किती खोल आणि बिळे कुठवर, हे शाळकरी मुलालाही दाखवता येते.

मनुष्यबळाची सबब चालणार नाही. गोव्याच्या संस्थेने 1997 मध्ये मध्य हिंदी महासागरात मुद्दाम तळ ढवळून परिणाम तपासण्याचा प्रयोग केलेला आहे. रसायनाच्या प्रयोगशाळांसाठी तर नागपूरबाहेर जायचीही गरज नाही, नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, याच शहरात आहे. पैशाचे म्हणाल तर 2023 च्या दुरुस्तीनेच अपतटीय क्षेत्र खनिज न्यास उभा केला आहे आणि संशोधन व पर्यावरणावरचे दुष्परिणाम कमी करणे ही त्याची कामेच आहेत. गट घेणाऱ्या कंपनीने नेमलेल्या सल्लागाराऐवजी या न्यासाच्या पैशातून मोजणी झाली तर आकड्यांवर केरळातल्या कोल्लमचे मच्छीमारही विश्वास ठेवतील. आकडे मात्र सारांशात नकोत, नळीनिहाय आणि कापनिहाय हवेत, आणि अहवालाची मल्याळम व गुजराती प्रत हवी.

यापैकी काही आपल्या अटींमध्ये आधीच असेल तर आनंदच आहे, ते कोणत्या कलमात आहे तेवढे कळवावे. नसेल तर पुढच्या फेरीच्या निविदेत त्याचा समावेश होऊ शकतो का, आणि अटींचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला होणार असेल तर केव्हा, याचे उत्तर मिळावे. चपट्या टाकीच्या काचा अजून माझ्याकडे आहेत. आपल्या अधिकाऱ्यांपैकी कुणाला बघायची इच्छा असेल तर चिखल मागवायची व्यवस्था मी करीन.

आपला,
एक निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापक
नागपूर